700 वरची सही

प्रिय बंड्या,

फोन करत नाही म्हणून बोंब मारू नकोस, तूही केला नाहीस. तब्येत बरी, साखर आहे तिथेच. लिहायला बसलो ते राजस्थानात चुरूला हवाई दलाचं विमान पडलं, त्या बातमीमुळे.

9 जुलै 2025. दोन सीटचं जॅग्वार, नेहमीचं ट्रेनिंगचं उड्डाण, दोघंही पायलट गेले. यंदाचं हे तिसरं. मार्चमध्ये पंचकुल्याजवळ पडलं त्यातला पायलट इजेक्ट होऊन वाचला, एप्रिलमध्ये जामनगरला एक वाचला, एक गेला. या वेळी कुणीच नाही.

टीव्हीवर जो तो विमानाच्या वयावर घसरला. फ्रान्सनं 2005 मध्ये, ब्रिटननं 2007 मध्ये जॅग्वारला निरोप दिला, आपण अजून उडवतोय, हे खरंच आहे. पण माझं डोकं दुसरीकडेच. उडण्याआधी फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही कुणी केली असेल?

पुढचं तुला सांगायला नको. 700 सील, इंधनाचे नमुने ताब्यात, टूलबॉक्स मोजायला घेतलेले. आणि ज्यानं इजेक्शन सीटच्या सुरक्षा-पिना काढून पायलटला दाखवल्या, तो वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं लाल कव्हर हातात घेऊन विमानांच्या लाइनवर उभा. त्याला कुणी काही बोलत नाही. शिव्या घातल्या तर बरं वाटेल, पण तेही नाही.

(टूलबॉक्समधले पाने दोनदोनदा मोजून तू माझं जेवण हुकवायचास. वर वॉरंटसाहेबांकडे माझीच तक्रार! चुगलखोर लेकाचा.)

आमचे चिरंजीव आता त्याच कामावर, फिटर म्हणून. स्टेशन दुसरं, विमान तेच. त्या रात्री फोन आला. रजा, आईची चौकशी वगैरे झाली, मग म्हणाला, "बाबा, समजा सगळं नीट बघून सही केली, आणि तरीही..." पुढे बोललाच नाही. मी म्हणालो, कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसलीय, कारण निघेल.

बंड्या, त्याला कारण नको होतं रे. पक्षी इंजिनात जातो, पायलटला वर-खाली कळेनासं होतं, एखादी पाइपलाइन फुटते. यातलं बरंचसं फिटरच्या हातात नसतं, हे त्यालाही पाठ आहे. पण चौकशी महिनोन्महिने चालणार आणि 700 रोज सकाळी पुढ्यात येणार. मला भीती वाटते ती धास्तावलेल्या फिटरची. एकाच नटाशी घुटमळत बसतो आणि शेजारचा राहून जातो.

तुझं विमान परत आलं नाही, तेव्हा तू किती दिवस कुणाशी बोलत नव्हतास. मग एका सकाळी मुकाट्यानं टूलबॉक्स उचलून लाइनवर गेलास. पिल्लई म्हणाला, विचारू नका, म्हणून मीही विचारलं नाही. मधे काय झालं ते तुझं तुला माहीत. मला नाही सांगितलंस तरी चालेल, पोराला सांग.

वहिनींचा गुडघा कसा आहे? जावयाची बदली झाली का? सविस्तर पुढच्या पत्रात.

पोराला रविवारी फोन कर. मी लिहिलंय हे सांगू नकोस, माझ्यावर उखडेल. सातनंतर कर, ड्युटीवर फोन लॉकरमध्ये असतो.

तुझा,
दत्ता