मुग्धाला फोन कर

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा मुग्धा येऊन गेली. नेहमीसारखी ओट्यावर चढून बसली, ताटलीभर दडपे पोहे संपवले आणि मग हळूच म्हणाली, "काकू, गौरी फोनच उचलत नाही हो." तू बजावलं होतंस म्हणून मी काही बोलले नाही. नुसते पोहे वाढत राहिले.

ती गेल्यावर तू दिवाळीत लॅपटॉपवर लावून दिलेला तो जुना सिनेमा पुन्हा बघितला, 'द ग्रुप'. सिडनी ल्यूमेटचा, १९६६ चा. १९३३ साली कॉलेजातून बाहेर पडलेल्या आठ जणी. तुला त्यातली लेकी नावाची मुलगी आवडली होती, ऐटीत युरोपला निघून जाणारी. माझं लक्ष सगळा वेळ 'के' नावाच्या मुलीकडे. नवऱ्याला नाटककार व्हायचंय, ही मेसीज नावाच्या मोठ्या दुकानात नोकरी करते आणि वर मैत्रिणींपुढे त्याचंच कौतुक. पुढे तो तिला मनोरुग्णांच्या इस्पितळात नेऊन ठेवतो. त्या आठ जणींतलीच पॉली तिथं कामाला होती म्हणून कळलं तरी! नसती तर?

निखिल तसा नाही, मला कळतं. त्याचं नाव यात घ्यायचंच नव्हतं. धंद्याला वेळ लागतो, आप्पांनाही लागलाच की. तुझ्या पगारावर घर चालतंय याचंही काही नाही. उलट तुझं प्रमोशन आप्पांनी दूधवाल्यालासुद्धा सांगितलंय. पण बाईनं थोडे पैसे आपल्या एकटीच्या नावावर ठेवावेत, कर्जाच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये आणि... झालं, सुरू झालं माझं. रागावू नकोस गं.

कोल्हापूरला होस्टेलात शैलाची कॉट माझ्या शेजारी होती. रेक्टरबाईंची नक्कल अशी करायची की एकदा बाई मागे येऊन उभ्या राहिल्या तरी आमचं हसू थांबेना. लग्नानंतर तिची आंतर्देशीय पत्रं यायची, जागा पुरायची नाही म्हणून कडेच्या घडीवरही लिहिलेली. मग हळूहळू नुसता पाऊस, लोणची आणि 'बाकी सर्व ठीक'. ती कायमची माहेरी आल्याचं आम्हाला कळलं ते कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत.

मला नको सांगूस हवं तर. मीही माझ्या आईला सगळं कुठं सांगत होते? पण मुग्धाला सांग. तिनं नंबर बदललाय, तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. रात्री दहानंतर केलास तरी चालेल म्हणाली. आप्पांना यातलं काही माहीत नाही.

तुझी,
आई