फेअर म्हणजे नुसतं गोरं नाही

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

‘अ फेअर नंबर ऑफ पीपल’ याचा अर्थ तू ‘गोरे लोक’ लिहिलास आणि मॅडम हसल्या, असं फोनवर सांगत होतीस. त्यात तुझं काय चुकलं? आपल्याकडे हा शब्द घरोघरी शिरला तोच ‘फेअर अँड लव्हली’ क्रीमच्या ट्यूबवरून. कंपनीनं २०२० मध्ये तो नावातून काढला, पण मुलगी पाहायला पाहुणे आले की अजून निघतोच. तुझ्या वाक्यात अर्थ आहे ‘बरेच लोक’.

माझी या शब्दाशी खरी ओळख सोयाबीनमुळे झाली. हमीभावाच्या केंद्रावर माल ‘एफएक्यू’ लागतो, म्हणजे ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’. इथलं फेअर म्हणजे उत्तम नव्हे, बऱ्यापैकी, चालण्यासारखं. दाणा एक नंबरच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, पण माती-काडीकचरा बेतात हवा आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. मीटरवर आकडा वर गेला की ग्रेडर म्हणतो, “भाऊ, वाळवून आणा.” २०२५-२६ चा ५३२८ रुपये क्विंटलचा हमीभाव अशाच मालाला आहे. गुणपत्रिकेवर ‘फेअर’ शेरा आला तरी तेच समजायचं: पास आहे, पेढे वाटण्याइतकं नाही.

आता आपल्या रेशन दुकानाची पाटी आठव. ‘रास्त भाव दुकान’. इंग्रजीत त्यालाच ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणतात. मालाला लावला तर बरा, भावाला लावला तर रास्त!

म्हणून पुढचं नाम बघत जा. निर्णय, वाटणी, पंच असेल तर न्याय्य. संख्या किंवा अंतर असेल तर बरंचसं. केस असतील तर फिक्या रंगाचे, हवामान असेल तर उघाड. ‘फेअरली’तही हीच गंमत आहे: ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगलं, पण कोणाला ‘फेअरली’ वागवलं म्हणजे न्यायानं वागवलं. पेपरात हमखास गोंधळ होतो तो इथेच. एसटीचं भाडं ते फेअर वेगळं, त्याचं स्पेलिंग एफ-ए-आर-ई.

इकडे पऱ्हाटीची वेचणी सुरू आहे, बाया मिळत नाहीत म्हणून आईही वावरातच असते. परीक्षेची फी शनिवारी टाकतो. मेसवाल्याचे पैसे किती राहिले तेही कळव.

तुझे बाबा