वैनगंगेच्या काठावरून सदानंदास

ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर
8 नोव्हेंबर 2020

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दसऱ्याच्या सुमारास मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण पंचनामे, घराची डागडुजी आणि वाचलेल्या धानाची कापणी ही तिन्ही कामे एकाच वेळी अंगावर आली होती. तू विचारले आहेस, "तुमच्याकडे ना समुद्र, ना वादळ, मग घरात छातीइतके पाणी आले कुठून?" मी तुमच्या तालुक्यात मास्तरकी करीत असताना आपण समुद्राच्या उधाणाविषयी पुष्कळ बोललो, पण माझ्या गावच्या नदीविषयी मी तुला फारसे कधी सांगितले नाही, असे आता वाटते. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्र नाही असे तू म्हणतोस, पण या पुराचे मूळ समुद्रातच होते. फक्त तो तुमचा अरबी समुद्र नव्हता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाचे क्षेत्र निघाले आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशावर आले. सिवनी, बालाघाट, छिंदवाडा या जिल्ह्यांत त्याने धो-धो पाऊस पाडला. वैनगंगेचा उगम सिवनी जिल्ह्यातलाच, आणि पेंच व कन्हान याही तिकडूनच येतात. पेंचचे पाणी कन्हानेत पडते, कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते, आणि तिकडची धरणे तुडुंब भरून सोडावी लागली की सगळे पाणी पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाशी येऊन थांबते. त्या धरणाला 33 दरवाजे आहेत. ते उघडले की पुढे आम्ही. एका काठाला ब्रह्मपुरीची गावे आणि पलीकडे वडसा, आरमोरी.

त्यामुळे झाले असे की 29 ऑगस्टच्या शनिवारी आमच्या गावात पावसाने चांगली उघडीप दिली होती. पोळा होऊन गेला होता, महालक्ष्म्या उठल्या होत्या, गणपती बसलेले होते आणि लोक धानाला खताचा दुसरा हप्ता देण्याच्या गडबडीत होते. निसर्ग वादळाच्या दिवशी, म्हणजे 3 जूनला, तुमच्याकडे सकाळपासून आभाळ कसे झाले होते, वारा कसा घोंगावत होता आणि सुपारीच्या बागा डोळ्यांदेखत कशा आडव्या झाल्या, हे तू लिहिले होतेस. आमच्याकडे तसे काहीच नव्हते. तुम्हाला संकट दिसत होते, ऐकू येत होते, आणि ते कोणत्या किनाऱ्याला किती वाजता लागणार हेही हवामानखात्याने सांगून ठेवले होते. आमच्याकडे आला तो मोबाइलवरचा निरोप, की सर्व दरवाजे उघडले असून इतके क्युमेक्स विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.

हा निरोप वेळेवर मिळाला नाही, असे मी म्हणणार नाही. तो मिळाला, गावात दवंडी झाली आणि पोलीसपाटलांनी घरोघर सांगितलेही. अडचण निराळीच होती. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर पाणी, हे मी शाळेत शिकवलेले आहे. पण असे कित्येक हजार क्युमेक्स सोडले म्हणजे पाणी आमच्या मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला लागेल, हे मलाही सांगता येत नव्हते आणि दुसऱ्या कोणालाही नाही. गावाचे मोजमाप पायऱ्यांचे, पाराचे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीचे. म्हातारे म्हणाले, "पाणी पारापर्यंत येते आणि परत जाते, आजवर कधी पुढे आले नाही." सगळ्यांनी त्यावर भरवसा ठेवला, आणि जो वेळ हाताशी होता त्याचा बराचसा भाग नदीवर पाणी पाहायला जाण्यात गेला.

पाणी नदीकडून आलेच नाही, हे तुला ऐकून आश्चर्य वाटेल. आमच्या गावाच्या मागून एक नाला वाहतो आणि खालच्या अंगाला वैनगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचे पाणी आत शिरू शकत नाही, ते तुंबते आणि मग उलटे चढू लागते. सगळे गाव समोरच्या काठावर नदी बघत उभे असताना पाणी मागच्या बांध्यांमधून (धानाच्या खाचरांमधून) सांदवाडीत, म्हणजे परसात, आणि सांदवाडीतून घराच्या मागच्या दाराने आत आले. त्याला आवाज नव्हता. शोभाला चुलीपाशी पाय ओले लागले म्हणून तिने खाली पाहिले. तेव्हा रविवारची पहाट होत होती.

त्यानंतरचे दोन-तीन तास मला सलग आठवत नाहीत. तांदळाची पोती माळ्यावर चढवली. धानाची ढोली मात्र जागची हलेना, ती बांबूची आणि शेणामातीने लिंपलेली, भरलेली असली की चार माणसांनाही उचलत नाही. आईने आधी कोठ्यातल्या जनावरांची दावी कापायला लावली, कारण बांधलेले जनावर बुडते आणि सुटे जनावर पोहत उंचावर जाते. ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की आम्ही निमूटपणे तसे केले. दोन म्हशी आणि बैलजोडी टेकाडावरच्या शाळेच्या आवारात जाऊन उभी राहिली. एक कालवड मात्र पुढे सापडली नाही. आम्हाला आमच्याच गावच्या ढिवर (मासेमार) बांधवांनी डोंग्यातून बाहेर काढले. आपत्ती दलाच्या रबरी बोटी नंतर आल्या आणि त्यांनीही पुष्कळ माणसे काढली, पण पहिल्या फेऱ्या लाकडी डोंग्यांच्याच होत्या आणि तारा, कुंपणे व विहिरी पाण्याखाली कुठे आहेत हे फक्त त्या डोंगेवाल्यांनाच ठाऊक होते. वर्तमानपत्रांत बोटींचे फोटो आले, डोंग्यांचे आले नाहीत, याचे मला वाईट वाटले.

शाळेत आम्ही सारे गाव एकत्र होतो. करोनामुळे ती मार्चपासून बंदच होती. आता वर्गावर्गात पंचवीस-तीस माणसे, एकमेकांना खेटून. पहिल्या दिवशी कोणी तोंडाला रुमाल बांधून होते, दुसऱ्या दिवशी ते रुमाल लहान मुलांची अंगे पुसायला लागले. गणपती मात्र वेळेवर उचलून आणला होता. अनंत चतुर्दशीला पाणी नुकतेच ओसरू लागले होते, तेव्हा शाळेच्या पायरीशीच त्याचे विसर्जन झाले, आणि वाजतगाजत नदीवर नेण्याचा विषय कोणी काढला नाही.

पुराविषयी लोक विचारतात ते पाणी चढण्याविषयी. खरी कथा पाणी उतरल्यानंतर सुरू होते. तुमचे वादळ काही तासांत मोडतोड करून पुढे गेले. आमचे पाणी घरात मुक्कामाला राहिले आणि जाताना गाळ ठेवून गेले. तो चिकट, पिवळसर गाळ ओला असतानाच काढावा लागतो. एकदा उन्हाने वाळला की कुदळीशिवाय निघत नाही, म्हणून लोक गुडघाभर चिखलात उभे राहून पाणी उतरत असतानाच त्याच पाण्याने घर धूत होते. शिवाय मातीच्या भिंती पाण्यात असताना उभ्या राहिल्या आणि ऊन पडल्यावर पडल्या. आमच्या शेजारची भिंत मी स्वतः पाहिली. घर धुऊन झाले होते, गृहिणीने ओल्या वाकळी दोरीवर टाकल्या होत्या, आणि दुपारी भिंतीला खालून आडवी भेग गेली. थोडा वेळ नुसती माती गळत होती. मग सबंध भिंत आतल्या बाजूला बसली. घरातले सगळे अंगणात होते म्हणून निभावले. त्यानंतर पोलीसपाटलांनी मातीच्या घरांत रात्री झोपायला मनाई केली.

ढोलीतले धान फुगले आणि त्याला मोड आले. त्या आंबलेल्या धानाचा वास तुला कसा सांगू? मेलेली जनावरे, सडलेले तणस (धानाचा पेंढा) आणि हे धान, तिघांचा मिळून एकच वास गावावर बसला होता आणि तो कपड्यांतूनही जात नव्हता. विहिरी उपसून त्यांत ब्लीचिंग पावडर टाकली, तरी महिनाभर आम्ही पाणी उकळूनच प्यायलो. सातबारा, आधार कार्डे, बँकेची पासबुके आणि माझी सेवापुस्तिकेची प्रत, हे सगळे शोभाने कपड्यांसारखे चिमटे लावून वाळवले.

मदत पुष्कळ आली आणि देणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण एक गोष्ट तुझ्याजवळच बोलतो. जुन्या कपड्यांचे इतके ढीग आले की ते ठेवायला पुन्हा शाळेची खोली लागली. खराटे, घमेली, फिनाईल आणि गुरांचे वैरण मात्र फार थोड्यांनी आणले. आमची वर्षभराची तणसाची रास सडून गेली होती, आणि पलीकडच्या डोंगराळ भागातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने एक ट्रॅक्टर तणस न विचारता पाठवले, ते मला त्या दिवसांत सगळ्यांत मोलाचे वाटले.

आता शेतीचे. धान पाण्यातलेच पीक आहे, दोन दिवस बुडाले तरी सहसा मरत नाही, असे सगळे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण ते स्वच्छ पाण्याचे झाले. आमचे हलके, म्हणजे लवकर येणारे, धान गर्भावर (लोंबी धरायच्या बेतात) आले होते, आणि गाळाचा लेप पानांवर बसल्यावर ते आतल्या आत कुजले. नदीकाठच्या बांध्यांत तर धान दिसतच नव्हते, सपाट रेती पसरलेली होती. तलाठी पंचनाम्याला आले. नियम असा होता की पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असले पाहिजे, आणि शेतातला गाळ काढण्याचे पैसे, हेक्टरी 12,200 रुपये, हवे असतील तर गाळाचा थर तीन इंचांहून जास्त पाहिजे. त्यांनी एका विद्यार्थ्याची कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली आणि बांधीत ठिकठिकाणी खोचून पाहिली. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, चार इंच भरले, मधे अडीच. भला माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा धुऱ्याजवळ जाऊन पट्टी खोचली आणि तो आकडा लिहिला. गेल्या महिन्यात सरकारने हेक्टरी 10,000 रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. एकराला साधारण चार हजार पडतात, आणि आमचा एका एकराचा नुसता चिखलणीचा व रोवणीचा खर्च त्याहून जास्त झाला होता. उंचावरच्या बांध्यांतले जे धान वाचले, त्यावर ऑक्टोबरात तुडतुडे आले. तेवढे कापून आता पुंजणे (पेंढ्यांची रास) रचले आहे.

जिथे पोयटा (सुपीक गाळ) साचला तिथे लोकांनी लाखोळीची डाळ आणि पोपट (वाल) टाकला आहे, आणि दोन्ही पिके चांगली उगवली आहेत. रेती पडलेल्या शेतांचे काय करायचे, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. ज्यांचे शेत तिथे होते ती दोन कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जाण्याच्या तयारीत आहेत.

क्युमेक्सचे ते कोडे माझ्या डोक्यातून जात नव्हते, म्हणून गावातल्या दोन कॉलेजच्या मुलांना घेऊन मी एक उद्योग केला आहे. त्या दिवसांत विसर्गाचे जे जे निरोप मोबाइलवर आले, ते तारीखवेळेसह एका वहीत उतरवले आणि त्यांच्यासमोर लोकांना विचारून पाणी तेव्हा कुठवर होते ते लिहिले. कोणाच्या उंबऱ्याला लागले, पाराच्या कोणत्या दगडाला, शाळेच्या कितव्या पायरीला. निरोप आला आणि पाणी गावात चढले, यांत किती तास गेले तेही त्यातून बरेचसे कळते. आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, भांडणेही झाली; पण आकड्याला गावातली जागा मिळू लागली आहे. शाळेच्या भिंतीवर आणि नाल्याच्या पुलावर रंगाने खुणा करायच्या असे ठरले आहे. पुलावरची अधिक महत्त्वाची, कारण पुढच्या वेळी नदीकडे नव्हे, नाल्याकडे बघत बसायचे आहे.

घराचा मागचा भाग पाडून नव्याने बांधावा लागणार. तुमच्याकडे चिऱ्याची जोती किती उंच घेतात, आणि घराच्या आत माळा करताना तुळया कशा टाकतात, ते तुझ्या गवंड्याला विचारून कळव. आमचा गवंडी म्हणतो की तीन फूट जोते पुरे, आणि आई म्हणते की म्हाताऱ्या माणसाला चढता येईल एवढेच ठेवा. सुपारीच्या बागेत तू नवी रोपे लावलीस का, आणि मधल्या वर्षांत काय आंतरपीक घेणार आहेस, तेही लिही. वहिनींना व मुलांना नमस्कार व आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर