सही करण्याआधी तारीख लिहून घे

मळा, पणजी
४ डिसेंबर

प्रिय दिनेश,

तुझा फोन आला तेव्हा मी मिरामारला फिल्म बाजारच्या, सिनेमांच्या खरेदीविक्रीच्या त्या मेळाव्याच्या, गर्दीत उभा होतो. धड ऐकूही येत नव्हतं. परदेशातली एक कंपनी तुझा सिनेमा घेतेय, भारत सोडून बाकी सगळ्या जगाचे हक्क, पंधरा वर्षांसाठी, आणि आगाऊ रक्कमही देतेय, एवढं तू एका दमात सांगितलंस. तुझा आवाज ऐकून मलाही भरून आलं. या सिनेमासाठी गेल्या तीन वर्षांत तू काय काय गहाण टाकलंस ते मला माहीत आहे. पण तू पाठवलेला कराराचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला आणि मग झोप लागली नाही. बत्तीस पानं आहेत, पण सिनेमा कधी लावणार याची तारीख एकाही पानावर नाही. 'वितरकाच्या मर्जीनुसार' एवढंच लिहिलंय.

दिनेश, सही करू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

आठवीत असताना आपण डिचोलीहून बस धरून म्हापशाला हाँगकाँगचा सिनेमा बघायला गेलो होतो, आठवतं? शुक्रवार होता, बाजाराचा दिवस. माईंनी मिरच्या आणायला दिलेली पिशवी मांडीवर घेऊन आपण पुढच्या रांगेत बसलो होतो. नायक जिना चढायला लागतो, वर दहाबारा माणसं उभी, आणि पुढच्याच क्षणी तो खांबाला बांधलेला. मधली सगळी मारामारी गायब. प्रत झिजलेली होती की कुणी रीळ काढून ठेवलं होतं, देव जाणे. परत आल्यावर बसस्टँडपासून घरापर्यंत, शेताच्या मेरेवरून चालत, ती न दिसलेली मारामारी तू मला करून दाखवलीस. पहिला कुठून आला, दुसऱ्याची काठी कशी हिसकावली, तिसरा कठड्यावरून कसा पडला. तू फाईट मास्टर झालास तो त्या दिवशी, असं मी आजही मानतो.

हाँगकाँग लांब आहे म्हणून सिनेमे उशिरा येतात, असं तेव्हा आपल्याला वाटायचं. या धंद्यात इतकी वर्षं सबटायटलं लिहून झाल्यावर कळलं की अंतराचा त्यात फारसा भाग नसतो. सिनेमा कुणीतरी विकत घेऊन ठेवलेला असतो आणि त्याला तो लावायचा नसतो.

'हीरो'चंच बघ. झांग यिमोऊचा सिनेमा, जेट ली त्यात. चीनमध्ये तो २००२ च्या डिसेंबरात लागला. अमेरिकेचे हक्क मिरामॅक्स या तिथल्या वितरण कंपनीकडे होते. २००३ मध्ये ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या नामांकनात तो होता, तरीही अमेरिकेतल्या थिएटरात पोचायला ऑगस्ट २००४ उजाडलं. तोवर ज्यांना खरी ओढ होती त्यांनी हाँगकाँगहून डीव्हीडी मागवून तो बघून टाकला होता. शेवटी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोचं नाव वर घालून लावला, तर पहिल्याच आठवड्यात पहिला नंबर. तिथे एकूण पाच कोटी डॉलरांच्या वर कमावले. म्हणजे प्रेक्षक पहिल्यापासून होता. वीस महिने त्याला दाराबाहेर ठेवलं होतं, इतकंच.

'हीरो'चं नशीब तरी थोर. स्टीफन चाऊचा 'शाओलिन सॉकर' २००१ चा, हाँगकाँगमध्ये तुफान चाललेला. त्याच कंपनीने तो घेतला, तारखा दिल्या, पुढे ढकलल्या, पुन्हा दिल्या. एप्रिल २००४ मध्ये मोजक्या पडद्यांवर, पुष्कळसा कापून, एकदाचा सोडला. पाच लाख डॉलरही जमले नाहीत. मला सगळ्यात जास्त लागतं ते याच्या पुढचं. हा आकडा मग पुढच्या माणसाला दाखवला जातो. आशियाई सिनेमा चालत नाही, हा बघा पुरावा. तीन वर्षं कोणी अडवला, कात्री कुणी लावली, हे आकड्याशेजारी कुणी लिहीत नाही. पाप एकाचं आणि बोल लागतो सिनेमाला.

अशी नावं कितीतरी सांगता येतील. यूएन वू-पिंगचा 'आयर्न मंकी' १९९३ चा, अमेरिकेत लागला २००१ मध्ये. जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर'चा दुसरा भाग १९९४ चा, तिथे पोचला २००० मध्ये, नाव बदलून आणि इंग्रजी डब करून. थाई नट टोनी जा याचा 'टॉम यम गुंग' तिकडे वीसहून जास्त मिनिटं कापून आणि संगीत बदलून दाखवला. जिन्यावरून वर वर जाणारी, जवळजवळ चार मिनिटांची, एकही कट नसलेली मारामारी ज्या माणसांनी जीव धोक्यात घालून उभी केली, त्यांच्या सिनेमाला कात्री लावायला हात कसा उचलवतो, मला समजत नाही. तुला तर मुळीच समजणार नाही.

तू विचारशील, पैसे देऊन घेतलेली वस्तू कोण कशाला कुजवत ठेवेल? मलाही हा प्रश्न बरीच वर्षं पडायचा. मग हिशेब कळला. हक्कांची किंमत, म्हणजे ती आगाऊ रक्कम, मिनिमम गॅरंटी, या व्यवहारातली बहुतेक वेळा लहान रक्कम असते. सिनेमा लावायचा तर जाहिरात, ट्रेलर, डबिंग, पडदे मिळवणं, यावर त्याच्या कित्येक पट खर्च येतो. त्यामुळे हात आखडला की न लावणंच स्वस्त पडतं. कधी सिनेमा घेतलेला असतो तो फक्त प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नये म्हणून. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'ने अमेरिकेत १२ कोटी डॉलरांवर धंदा केल्यावर तलवारी दिसतील ते सिनेमे उचलायची घाई अशीच झाली. कधी ज्याने प्रेमाने सिनेमा निवडला तो माणूसच नोकरी सोडून जातो आणि त्याच्या जागी आलेल्याला दुसऱ्याच्या आवडीचं ओझं नको असतं. यात दुष्टपणा असलाच पाहिजे असं नाही. पण तुझ्या बाजूने बघ. नाकारलेला सिनेमा तू दुसऱ्याच्या दारात नेऊ शकतोस. विकत घेऊन कोंडलेला सिनेमा कुठेच नेता येत नाही, कारण तो तुझा राहिलेलाच नसतो.

हे माझ्याही अंगावरून गेलंय. तुला कधी सविस्तर सांगितलं नाही. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका वितरकाने दोन परदेशी अॅक्शनपट घेतले होते आणि त्यातल्या एकाचं मराठी डबिंग लिहायचं काम मला मिळालं. चार महिने मी त्या कामात पार बुडालो होतो. डबिंगमध्ये अर्थापेक्षा ओठ सांभाळावे लागतात. पडद्यावर ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथेच प, ब, म यायला हवा. त्यातली म्हातारी आई लढायला निघालेल्या मुलाला दोनच अक्षरं बोलते. त्या दोन अक्षरांसाठी मी आठवडा घालवला. शेवटी 'ये बा' सापडलं, आणि तिचे ओठ बरोबर 'बा'वर मिटले. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्या वितरकाचा पहिला सिनेमा पडला आणि दुसरा कपाटात गेला. माझे पैसे मिळाले, तक्रार पैशाची नाही. पण ती आई मराठीत बोलली आणि ते ऐकलं फक्त स्टुडिओतल्या चार माणसांनी. मूळ दिग्दर्शकाला तर आपला सिनेमा मराठीत तयार होऊन पडलाय हे माहीतही नसेल.

आपल्याकडे आणखी एक दार असतं, सेन्सॉरचं. परदेशी सिनेमालाही प्रमाणपत्र लागतं आणि डब केलेल्या प्रतीलाही. देव पटेलचा 'मंकी मॅन' एप्रिल २०२४ मध्ये बाहेर सगळीकडे लागला. आपल्याकडे तारीख जाहीर झाली, पुढे गेली, आणि थिएटरात तो आलाच नाही. भारतावर बेतलेला सिनेमा, आणि भारतातच नाही. पण त्याची आधीची गोष्ट तुझ्या कामाची आहे. तो आधी नेटफ्लिक्सने घेतला होता. दिग्दर्शक जॉर्डन पीलच्या नजरेस पडला आणि तिथून सुटून युनिव्हर्सलकडे गेला, म्हणून मोठ्या पडद्यावर दिसला. सुटता आलं म्हणून वाचला. तुझ्या मसुद्यात सुटण्याची वाटच नाही.

आणि कात्रीचं कलम. एकोणिसाव्या पानावर आहे, 'स्थानिक बाजारपेठेनुसार संपादनाचा अधिकार'. म्हणजे बार्जवरची मारामारी गेली म्हणून समज. मांडवीत भरतीच्या वेळेला, लोखंडी पत्र्यावर, दोरखंड बांधून सहा मिनिटांचा एकच शॉट तू घेतलास. अकराव्या टेकला. मी काठावर होतो. त्याचे सहा तुकडे करायला त्यांना तुला विचारावंही लागणार नाही.

कोरियन दिग्दर्शक बाँग जून-होचं ऐकलंयस का? 'स्नोपिअर्सर'मधली वीस मिनिटं कापा असा अमेरिकन वितरकाचा धोशा होता. हा मानेना. एका शॉटमध्ये झुंजीच्या आधी सैनिक मासळीचं पोट फाडतात, तो तर काढाच म्हणाले. बाँगने सांगितलं, माझे वडील मच्छीमार होते, हा शॉट मी त्यांना वाहिलाय. समोरचा विरघळला, शॉट राहिला. वडील मच्छीमार नव्हते, हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं. सिनेमा अखंड राहिला खरा, पण २०१४ मध्ये तो आधी मोजक्याच थिएटरांत लागला. जपानी लोकांनी तर 'प्रिन्सेस मोनोनोके' या अॅनिमेशनपटाच्या वेळी मिरामॅक्सला खरीखुरी तलवार पाठवली होती, 'कापायचं नाही' असं सांगून. निर्माते तोशिओ सुझुकींचं ते काम. तो सिनेमा कापला गेला नाही.

तुझ्यामागे ना ऑस्कर आहे ना तलवार. तुझ्याकडे करारच आहे, म्हणून तो धड करू. मला वाटतं ते लिहितो, वकील नीट भाषेत मांडतील. पैसे मिळाल्यापासून बारा महिन्यांत, फार तर अठरा, ठरलेल्या देशांत सिनेमा लागला पाहिजे. नाही लागला तर हक्क आपोआप तुझ्याकडे परत, आणि आगाऊ रक्कम परत करायची नाही. कापायचं तर तुझी लेखी संमती हवी. पंधरा वर्षं फार होतात, सातवर आण. सगळं जग एकाच मुठीत देऊ नकोस. ज्या देशांत त्यांचं स्वतःचं ऑफिस किंवा पडदे आहेत तेवढेच दे, कारण बाकीचे ते पुढे दुसऱ्याला विकणार आणि एका देशातला तोटा दुसऱ्या देशाच्या कमाईतून वळता करणार. तसं कलम सव्विसाव्या पानावर आहे. शिवाय संवाद वगळून नुसतं संगीत आणि आवाजांचा वेगळा ट्रॅक, एम अँड ई, आत्ताच करून घे. आपल्याकडे पुष्कळदा तो नसतोच, आणि मग डबिंग करता येत नाही हेच सिनेमा न लावण्याचं कारण होऊन बसतं.

ते नाही म्हणाले तर? मी कालची रात्र याच प्रश्नावर घालवली. तुझं कर्ज मला दिसतं. वहिनींचे दागिने सोसायटीत आहेत हेही माहीत आहे. तरीही मी म्हणेन, जाऊ दे त्यांना. तारीख लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्या मनात तारीख नसतेच. 'किल' २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात मध्यरात्री दाखवला, अमेरिकेतल्या वितरकांनी तिथेच हेरला, आणि जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे लागला त्याच आठवड्यात तिकडेही लागला. रेल्वेच्या डब्यातली हिंदी मारामारी, सबटायटलांसकट. म्हणजे होतं असं. घेणाऱ्याला सिनेमा दाखवायची घाई असली की होतं. मी बाजारमध्ये विचारून ठेवलंय. विक्रीचं काम करणारी दोन माणसं तुझा सिनेमा बघायला तयार आहेत. त्यातल्या एकीने पहिला प्रश्न विचारला तो सिनेमा किती मिनिटांचा याचा नव्हता, बार्जवरचा शॉट खरंच एका दमात घेतलाय का, हा होता.

सोमवारी अकरा वाजता इथल्या वकिलांची वेळ घेतली आहे. रविवारी रात्रीच्या बसने नीघ, सकाळी कदंब स्टँडवर मी असेन. मसुद्याची छापील प्रत आण, माझ्या प्रतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, ताडून बघू. आणि कुणीही काही कापायच्या आधीची, तू शेवटची लॉक केलेली अखंड प्रत एका हार्ड डिस्कवर घेऊन ये. ती माझ्या घरी लोखंडी कपाटात राहील.

माईंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
सुहास