पीपीटी घरीच ठेव

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. रिटायर झाल्यावर तू घरी बसणार नाहीस हे ठाऊक होतं, पण थेट गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांच्या ट्रेनिंगला हो म्हणशील असं काही वाटलं नव्हतं. सगळी नोकरी एनआयसीयूत, आजारी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढलीस, आता पाड्यावरच्या बायकांना बाळ हातात कसं धरायचं ते शिकवणार! मला मनापासून आनंद झाला. तू विचारलंयस की तुझ्या स्लाइड्स चालतील का. नाही चालणार गं. तालुक्याच्या हॉलमध्ये दुपारी लाइट असतेच असं नाही, हे एक. आणि असली तरी अंधार केला की जेवणानंतर अर्धा वर्ग झोपतो. त्यात दोष त्यांचा नाही. पहाटे उठून, स्वयंपाक-पाणी उरकून, दोन गाड्या बदलून आलेल्या असतात त्या.

म्हणून पहिल्या सकाळी आधी प्रवासभत्ता आणि जेवणाचं काय ते स्पष्ट सांगून टाक. कागदोपत्री आशा ही स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि जे काही ठरलेलं मानधन असेल ते, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. ट्रेनिंगला आली म्हणजे त्या दिवसाची शेतातली मजुरी बुडाली. हे तुला माहीत आहे एवढं तिला कळलं, की पुढचं निम्मं काम झालंच म्हणून समज.

काही जणी अंगावरचं मूल घेऊन येतील. आयोजक नाक मुरडतात, तू मुरडू नकोस. श्वास मोजायला शिकवायचं तर बाहुलीचा काय उपयोग? पोट हलणारं खरं बाळ हवं. आईच्या मांडीवर शांत असलेलं बाळ, कपडा वर केलेला, नजर पोटावर आणि घड्याळ नजरेच्या रेषेत. नवशिकी बाई घड्याळाकडेच बघत बसते आणि मनाने आकडा पुढे ढकलते. पूर्ण एक मिनिट मोजायला लाव, अर्धं मोजून दुप्पट करू देऊ नकोस. तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही हे तुला मी काय सांगायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा त्याहून जास्त आला, तर पुन्हा मोजायचा. दोघींना एकाच वेळी, एकमेकींना न सांगता मोजायला लाव आणि मग आकडे फळ्यावर लिही. एकीचा बेचाळीस, दुसरीचा सत्तावन्न! वर्गात जो गलका उठतो, त्यातून त्या जे शिकतात ते तासभर बोलून शिकवता येत नाही.

तुझी शंका कळली, आठवी पास बाईला जंतुसंसर्ग कसा ओळखता येणार? सुलू, ह्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात तयार आहे. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं आणि आरोग्याच्या कामासाठी गावातल्या बायकांना तयार केलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या जेन्टामायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनंसुद्धा देत होत्या. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी निघाला. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशा ज्या घरभेटी करते त्यांचं मूळ तिथे आहे. तिला रिपोर्ट वाचायचा नसतोच. दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय लुळे पडले, पोट फुगलं, छाती आत ओढली जातेय, बेंबीतून पू येतोय, अंग थंडगार लागतंय: हे तिला दिसलं पाहिजे आणि दिसल्याबरोबर गाडी बोलवायचा धीर झाला पाहिजे.

दिसणं सोपं, धीर अवघड. कारण मध्ये सासू आहे. दवाखान्यात बाळंत झालेलीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही. सहा-सात भेटींचे मिळून अडीचशे रुपये. आणि दारात म्हातारी उभी: “माजी पाच पोरं अशीच वाढली, तू कोन सांगनार गुटी नको म्हनून?” यावर ट्रेनिंगच्या पुस्तकात तयार उत्तर नाही. म्हणून नाटक करून घे. वर्गातली सगळ्यात फटकळ बाई सासू कर आणि तिला सांग, अजिबात ऐकायचं नाही. मी एकदा बघितलं, एक अगदी अबोल पोरगी आशा झाली होती. तिने गुटीचा विषयच काढला नाही. आधी हात धुतले, मग बाळ सासूच्याच मांडीवर दिलं आणि म्हणाली, “आजी, तुमीच बघा बरं, पाय गार लागत्यात का?” सासू झालेली बाई नाटक विसरून खरंच पाय चाचपायला लागली. गुटी आणि मध चाटवण्याचं नंतर, चहा पिताना बोलणं झालं. हे मला सुचलं नसतं. आता मी सगळीकडे सांगत फिरते.

एक गोष्ट मात्र तुझ्या शिस्तीच्या स्वभावाला जड जाईल. ट्रेनिंगची पहिली फेरी संपली की पुढच्या फेरीपर्यंतच्या मधल्या काळात त्यांनी भरलेले फॉर्म तुझ्याकडे येतील. त्यात एखादीचं तापमान प्रत्येक भेटीला 98.4 असेल आणि बाळाचं वजन जन्मल्या दिवसापासूनच छान चढत गेलेलं असेल. पहिले काही दिवस बाळ थोडं वजन गमावतं, तेव्हा असा फॉर्म घरी बसून भरलेला आहे हे तुला बघताक्षणी कळेल. रागावू नकोस. एकटीला बाजूला घे आणि तिचा वजनकाटा मागून बघ. बहुतेक वेळा स्प्रिंग सैल झालेली असते, रिकामी झोळी लावूनही काटा शून्यावर येत नाही, आणि ‘वस्तू खराब केलीस’ म्हणून बोलणी बसतील या भीतीने ती गप्प असते. थर्मामीटरचा सेल संपलेला असतो तो वेगळाच. आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकेकडे वीसेक आशा आणि शिवाय तिचे स्वतःचे रिपोर्ट, ती तरी कुणाकुणाचा काटा तपासणार? ट्रेनिंग झालं की हजेरीपट वर जातो, टक्केवारी पूर्ण होते, आणि बिघडलेला काटा तसाच गावात लटकत राहतो. माझं खरं भांडण इथे आहे. तुझ्या हातात असेल तर दर फेरीचा पहिला तास फक्त किट तपासायला ठेव, आणि बदली काटे आधीच मागवून घे. मागणीपत्राची प्रत स्वतःजवळ ठेव, नाहीतर ‘मिळालंच नाही’ ऐकावं लागेल.

कापडी बाहुल्या मी पाठवते. आत रेती भरलीय, एक अडीच किलोची आणि एक दीड किलोची. दोन्ही आळीपाळीने हातात द्यायच्या, म्हणजे काटा लावायच्या आधीच कमी वजनाचं बाळ हाताला कळतं. दीड किलोचीची शिवण उसवलीय, तेवढी टाके घालून घे.

फेरीच्या तारखा ठरल्या की फोन कर. मला जमलं तर दोन दिवस येईन म्हणते. सासूचं काम माझ्यासाठी राखून ठेव, माझ्याइतकी खाष्ट तुला तालुक्यात मिळायची नाही.

तुझीच,
विजू