बोअर मे महिन्यात घेतलं, भूकंप काय मे महिना बघून येणार आहे का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत भूकंपात टिकणाऱ्या बिल्डिंगवरचा लेख वाचला, कॉलम, स्टील, शिअर वॉल सगळं आलंय पण खालच्या मातीबद्दल, भूकंपात ओली वाळू पातळ होते त्या लिक्विफॅक्शनबद्दल, एक ओळ नाही, म्हणून लिहायला बसलो. मी बावीस वर्षं सॉइल टेस्टिंग लॅबमध्ये काढली.

समुद्रकिनारी ओल्या वाळूत एकाच जागी उभं राहून पाय भराभर हलवत राहा, थोड्या वेळात पाणी वर येतं आणि पाय आत जायला लागतो. भुसभुशीत वाळूचे कण हादऱ्याने खाली बसायला बघतात पण मधल्या पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही, मग कणांवरचा भार पाण्यावर जातो आणि प्रत्येक हादऱ्याला दाब वाढत जातो. तो दाब वरच्या मातीच्या भाराएवढा झाला की कणांची पकड संपली, वाळू पातळ पिठल्यासारखी होते. 1964 च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात चार मजली बिल्डिंगा अख्ख्या कलल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली, भिंती मात्र शाबूत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून वाळू-पाणी उसळलं आणि कांडला बंदरातला टॉवर पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, असूनही झुकला.

लॅबमध्ये वाळूचा नमुना रबरी पिशवीत भरून पूर्ण भिजवतात आणि वरून पुन्हा पुन्हा दाब देतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत आतल्या पाण्याच्या दाबाची रेघ उडी मारते, मग इतकी हळू चढते की वाटतं हा टिकला, आणि शेवटी एकदम सरळ वर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहाचा कप हातातच राहिला, नमुना डोळ्यांदेखत बसला. म्हणून हादरा किती मोठा एवढंच बघून भागत नाही, किती वेळा बसला हेही बघावं लागतं, 7.5 मॅग्निट्यूडच्या भूकंपाला साधारण 15 एकसारख्या फेऱ्या धरतात.

खालची वाळू अशी पातळ होईल का, याचा अंदाज साइटवर बांधता येतो. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंमीवरून टाकायचा, 30 सेंमी आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे, आणि पुढचा हिशेब आयएस 1893 या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत दिलाय. पण त्यात भूजलाची पातळी लागते आणि घोळ तिथंच होतो. खाडीजवळच्या एका साइटवर बोअर, म्हणजे माती तपासायला जमिनीत पाडलेलं भोक, मे महिन्यात घेतलं, पाणी साडेचार मीटरवर, रिपोर्टमध्ये तोच आकडा. ऑगस्टमध्ये मी स्वतः टेप सोडला तर दीड मीटर! म्हणजे मधली तीन मीटर वाळू हिशेबात कोरडी धरलेली. मी सांगितलं तर तिथले लोक म्हणाले रिपोर्ट सबमिट झालाय, आता राहू दे. ते अजून मनातून जात नाही.

रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांनी सॉइल रिपोर्ट हातात आला की बोअरची तारीख आणि पाण्याची पातळी आधी बघावी, उन्हाळ्यातली असेल तर पावसाळ्यातली पातळी धरून हिशेब पुन्हा मागावा. आणि ते पान कसं वाचायचं यावर तुमच्या पुरवणीत एक लेख द्याच, माहिती लागली तर मी बसून सांगेन.

आपला वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पनवेल