तीन नंबरचं इंजिन

पुणे, 14 जुलै

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला आणि मी "नंतर करतो रे" म्हणून ठेवून दिला. रागावला असशील. खरं कारण तेव्हा सांगितलं असतं तर हसला असतास. मी इंग्लिश खाडीवर होतो आणि माझं तीन नंबरचं इंजिन आचके देत होतं.

रिटायर झाल्यावर दिवसभर करतोस काय, असं विचारत होतास ना? हे करतो. मुलाचा जुना कॉम्प्युटर, त्यावर मायक्रोसॉफ्टचा 2006 सालचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, आणि त्यात बसवलेलं एटूए सिम्युलेशन्स या कंपनीचं बी-17 फ्लाइंग फोर्ट्रेस, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर. विमान वेगळं विकत घ्यायचं, त्याच्यावर 'ॲक्यू-सिम' नावाचं जोडप्रकरण आणखी वेगळं. हिने किंमत विचारली तेव्हा मी एकाचीच सांगितली. हे तुझ्यामाझ्यात.

पण सगळी गंमत त्या ॲक्यू-सिममध्येच आहे. बाकीची विमानं आज कशीही हाणा, उद्या परत नवी कोरी. हे विमान मनात ठेवतं. पहिल्या आठवड्यात मी तेल तापायच्या आतच थ्रॉटल पुढे रेटायचो, टेकऑफला बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, 46 इंचांच्या वर जायचा, इंजिन गार ठेवणाऱ्या झडपा, काउल फ्लॅप, उघडायच्या विसरायचो. विमान काही बोललं नाही. महिन्याभराने तीन नंबरचं तेलाचं प्रेशर खाली यायला लागलं. हँगरच्या पानावर जाऊन इंजिन बदलता येतं, पण मी ते बदललं नाही. आपणच बिघडवलेलं आपणच सांभाळायचं, म्हणून सगळ्यात हळू हात त्याच्यावरच चालतो.

आणि सुरू करायची पद्धत तर बघच एकदा. हे नऊ सिलिंडरचं गोल इंजिन. उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये तेल साठतं, म्हणून खरे लोक आधी पंखा हाताने फिरवून घ्यायचे. मग बूस्टर पंप, इंजिनात थोडं पेट्रोल ढकलणारे प्राइमरचे झटके, आणि स्टार्टरचं बटण दाबून धरायचं. आत एक जड चाक गरगरायला लागतं, त्याचा आवाज हळूहळू चढत शिट्टीपर्यंत जातो. बारा-एक सेकंदांनी दुसरं बटण, की ते चाक इंजिनाला जोडलं जातं. पंखा दोन-चार पाती फिरतो, खोकतो, धूर ओकतो, आणि मग धरतो. असं चार वेळा. आपल्या दादांची लॅम्ब्रेटा पावसाळ्यात अशीच मनधरणी करून घ्यायची, आठवतं?

याद्या मात्र पाठ होत नाहीत. कपाटावर कालनिर्णयच्या शेजारी चिकटवल्यात. पण वैमानिकांची ही चेकलिस्ट मुळात या विमानापायीच आली, हे मला आत्ता कळलं. 30 ऑक्टोबर 1935, अमेरिकेतला राइट फील्ड हा लष्करी विमानतळ. बी-17 चा पहिला नमुना उडाला, सरळ वर चढला आणि कोसळला. जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या हलत्या पट्ट्यांना लावलेलं कुलूप काढायचंच राहिलं होतं. चालवणारे मेजर हिल म्हणजे नवखे नव्हते, पुरते मुरलेले. त्यानंतर बोइंगच्या लोकांनी याद्या केल्या.

दुसरी गोष्ट माझ्या अंगाशी आलेली. या विमानात चाकांचा आणि फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखांमागे खाली सोडायच्या पट्ट्यांचा, खटका शेजारी-शेजारी, आणि दिसायला सारखेच. युद्धात दमून उतरलेले वैमानिक फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर उपाय काढला: चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. न बघता बोटांना कळावं. मी हे वाचून मान डोलावली आणि त्याच आठवड्यात फ्लॅप समजून चाकं आत घेतली. आता कीबोर्डच्या 'जी' अक्षरावर नातवाच्या मोटारीचं एक चाक फेविक्विकने बसवलंय. नातू अजून मोटार शोधतोय.

बॉम्बचं विचारशील. मी रिकामंच उडवतो. खाली घरं दिसतात रे.

एक रुखरुख आहे. मला खरं हवंय ते बी-24 लिबरेटर, याच तोडीचं, हट्टी. ते अजून माझ्या हाती लागलेलं नाही. लोहगावच्या कुंपणाला सायकली टेकवून आपण कॅनबेरा बॉम्बर बघायचो, त्याच्या आधी तिथे लिबरेटर असायचे. युद्ध संपल्यावर कानपूरला सोडून दिलेली, मुद्दाम निकामी केलेली विमानं. बंगळूरच्या एचएएल विमान कारखान्याने ती हुडकून, जोडून उडती केली. त्यांचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी त्या अवस्थेतली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेत. कसलं सिम्युलेटर आणि कसलं काय! 1968 पर्यंत आपल्या हवाई दलात होती ती.

आणि तुला हे माहीत आहे का, की त्यातलं एक तुझ्याच गावात आहे? टूसॉनच्या पिमा विमान म्युझियममध्ये बी-24 उभं आहे ना, ते 1969 मध्ये भारतातून आलंय. वर आता अमेरिकन रंग असले म्हणून काय झालं. इतकी वर्षं तिथे राहून तू गेला नसशील, ही माझी खात्री.

तर रविवारी वहिनींना घेऊन जा. मला फोटो पाठव, पण समोरून सगळे काढतात तसा नको. पंखाच्या मागच्या बाजूला जाऊन, खाली वाकून, इंजिनाच्या खोळीच्या पोटात हवा कोंबणारा टर्बो असतो त्याचा. आणि खोळ बी-17 सारखी गोल नसून लंबगोल आहे, ती एका बाजूने. तीन नंबरचा आधी काढ.

हिचा वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनू

ता. क. फोन रात्री नऊनंतर कर. तोवर उतरलेलो असतो.